अडवून ठेवलेला शब्द

लिहिलेला वा बोललेला प्रत्येक शब्द जसाच्या तसा लोकांपुढें येऊं द्यावा, असें कोणी म्हणणार नाहीं. निंदा, असत्य व निव्वळ पाल्हाळ यांस दाराशीं थांबविणारा कोणी तरी हवाच. प्रश्न एवढाच कीं, थांबविलेल्या माणसाचें तो द्वारपाल कांहीं देणें लागतो कीं नाहीं?

१९४८ पूर्वीं नांदेड-लातूरचा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. तेथें 'गश्ती निशाण ५३' या हुकुमान्वयें जाहीर सभेस सरकारची पूर्वपरवानगी लागे. अशा नियमाचें खरें बळ नकारांत नसून विलंबांत असतें. सभेचा ठरलेला दिवस उत्तराविना मावळला, म्हणजे नकार लिहिण्याचेंही कारण उरत नाहीं. नकारावर वाद घालतां येतो. मौनाशीं वाद कसा घालावयाचा?

परंतु हें शस्त्र केवळ सत्ताधीशांच्याच हातीं असतें असें नाहीं. मासिकाचा संपादक किंवा व्याख्यानमालेचा चिटणीस यांच्या टेबलावरही कागद महिनोन् महिने पडून राहतात. 'नाहीं' म्हणून कोणाचें मन कशाला दुखवावें, असें ते म्हणतात. या सौजन्यांत दुसऱ्याच्या मनापेक्षां स्वतःचीच सोय अधिक पाहिलेली असते. लेखकाला मात्र ना दुसरीकडे जातां येत, ना आपला दोष कळत.

याच्या उलट भाऊ महाजनांचें उदाहरण पाहावें. १८४८ सालीं त्यांच्या 'प्रभाकर' पत्रांत 'लोकहितवादी' या सहीनें पत्रें येऊं लागलीं. त्यांत ब्राह्मणवर्गावर कठोर टीका होती, आणि संपादक स्वतः ब्राह्मण होते. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख अवघे पंचविशींतले. तरीही शंभरावर पत्रें छापलीं गेलीं. बोचणारा मजकूर आणि अपायकारक मजकूर यांतील भेद त्या संपादकानें ओळखला होता.

कोणी म्हणेल, शेंकडों कागदांस उत्तरें देण्यास वेळ कोठून आणावा? परंतु उत्तर म्हणजे निबंध नव्हे. 'घेतलें', 'घेत नाहीं, कारण अमुक', किंवा 'अमक्या तारखेपर्यंत थांबा', एवढी एक ओळ पुरे. तीच तीच निंदा पुनःपुन्हां पाठविणाऱ्यासही एकदां कारण सांगावें. मग गप्प राहण्यास हरकत नाहीं. तेवढ्या एका ओळीसही ज्यास सवड नाहीं, त्यानें दाराची किल्ली दुसऱ्याच्या हातीं द्यावी, हें बरें.