तीर्थ आणि सांडपाणी

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील श्रीक्षेत्र शिखर शिंगणापूर येथे चैत्र महिन्यात श्री शंभुमहादेवाची यात्रा भरते. या यात्रेत सासवडहून भुतोजी तेली यांची कावड येते. कऱ्हा नदीचे पाणी भरलेली ही कावड मुंगी घाटाच्या अवघड चढणीवरून, भाविकांनी केलेल्या मानवी साखळीच्या आधाराने वर नेली जाते आणि त्या जलाने महादेवास स्नान घातले जाते. या सोहळ्याचे वर्णन भक्तिभावाने नेहमी केले जाते. परंतु तो ज्या भूमीवर घडतो तिच्याकडे लक्ष कमी जाते. याच जिल्ह्यात पश्चिमेस महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माणदेशास सुमारे पाचशे मिलिमीटरवर वर्ष काढावे लागते. सांगली जिल्ह्यातील आटपाडी आणि जत या तालुक्यांची स्थितीही फारशी वेगळी नाही. शिंगणापूरच्या यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होऊ नयेत म्हणून छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी येथे तळे बांधले, ते याच कारणाने.

ज्या भूमीत देवाच्या स्नानाचे पाणीही खांद्यावरून आणावे लागते, तेथे एकदा वापरलेल्या पाण्याचे पुढे काय करावे, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा राहत नाही. तो धर्माचाही होतो. कारण वापरलेले पाणी पुन्हा वापरण्याची गोष्ट निघाली की सर्वप्रथम आड येते ती मनाची किळस, आणि ही किळस बहुधा धर्माचे नाव घेऊन बोलते. उष्टे अन्न देवास चालत नाही, मग उष्टे पाणी कसे चालेल, असे विचारले जाते.

हा आक्षेप प्रामाणिक आहे. म्हणून त्याचा विचार परंपरेच्या आधारानेच केला पाहिजे. मंदिरात पुजारी भाविकाच्या तळहातावर जे तीर्थ घालतात ते काय असते? देवाच्या स्नानाचे पाणी. म्हणजे एकदा वापरलेले पाणीच भाविक मस्तकी लावतो व प्राशन करतो. शिवालयात तर याहून सूक्ष्म विचार दिसतो. तेथे पूर्ण प्रदक्षिणा घातली जात नाही. अभिषेकाचे जल ज्या मार्गाने बाहेर जाते त्या सोमसूत्रापाशी जाऊन भाविक मागे फिरतो, कारण ते जल ओलांडावयाचे नसते. वापरून झालेले पाणी म्हणजे टाकाऊ वस्तू, ही कल्पना या आचारात कोठेच बसत नाही. उलट, वापर झाल्यावर त्याचा मान वाढला आहे.

स्मृतिकारांनीही पाण्याच्या शुद्धतेची कसोटी सांगितली आहे. भूमीवरील जे पाणी गाईची तहान भागेल एवढे आहे, ज्यात अमंगळ पदार्थ मिसळलेला नाही आणि ज्याचा वास, रंग व रुची योग्य आहे, ते शुद्ध होय, असा तिचा आशय आहे. या कसोटीत पाण्याचा पूर्वेतिहास विचारलेला नाही. ते आज कसे आहे, एवढेच विचारले आहे. मात्र अमंगळाची अटही तेथेच आहे, हे विसरता कामा नये. शौचालयाचे पाणी आणि हातपाय धुतल्याचे पाणी यांस एकाच मापाने मोजणे हा उदारपणा नव्हे, ती बेफिकिरी होय.

इतिहासाने दिलेला एक कटू धडाही येथे सांगितलाच पाहिजे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी पाणी प्याले, तेव्हा ते तळे बाटले असे ठरवून त्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. गुरेढोरे जे पाणी पीत, ते माणसाच्या ओंजळीने अशुद्ध ठरविले गेले. शुद्धाशुद्धतेची भाषा पाण्याविषयी बोलते असे वाटत असले तरी पुष्कळदा ती माणसांविषयीच बोलत असते, हे त्या प्रसंगाने उघड केले. म्हणून वापरलेल्या पाण्याविषयीची किळस कोठून येते, हे प्रत्येकाने आधी पडताळून पाहावे.

खरे पाहता निवड करण्यास फारसा वावच नाही. कृष्णामाई वाई, कऱ्हाड अशी गावे ओलांडीत सांगलीस पोहोचते. वरच्या गावांनी वापरून सोडलेले पाणी तिच्यात मिसळलेलेच असते. सांगलीच्या घाटावर स्नान करणारा, औदुंबरी श्रीदत्तचरणी आचमन करणारा भाविक वरच्या गावाने वापरलेले पाणीच ओंजळीत घेतो. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी नेले गेले, ती गाडी म्हणजे एका अर्थाने कावडच होती. आणि तिच्यातही हेच पाणी होते. तेव्हा वापरलेले पाणी घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न उरत नाही. ते पुढच्या गावाला कोणत्या अवस्थेत द्यावे, एवढाच प्रश्न उरतो.

सांगलीतच याचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न झाला आहे. शहराचे सांडपाणी शेरीनाल्यातून कृष्णेत मिसळते, ही तेथील जुनी व्यथा आहे. हे पाणी उपसून धुळगावकडे न्यावे, तेथे तळ्यांत शुद्ध करावे आणि शेतीस द्यावे, अशी योजना आखण्यात आली. अशा तळ्यांत गाळ खाली बसतो, सूर्यप्रकाशात शेवाळ वाढून प्राणवायू सोडते आणि त्याच्या आधारे सूक्ष्म जीव घाण खाऊन टाकतात. योजनेची वाटचाल रखडत झाली. परंतु नदीला पीडा देणारे पाणी कोरड्या शिवाराला द्यावे, हा विचार निःसंशय योग्य आहे.

घरगुती पातळीवर तर हे ज्ञान कोणास शिकवावे लागत नव्हते. न्हाणीचे पाणी परसातील केळी, अळू आणि कर्दळीला सोडण्याची रीत महाराष्ट्रभर होती. तासगाव तालुक्यातील अंजनीचे सुपुत्र आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना, २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात शोषखड्डे व परसबागा यांवर भर दिला गेला, तो याच रीतीचा पुनरुद्धार होता. त्या अभियानाला गाडगेबाबांचे नाव असणे विशेष समर्पक आहे. खराटा हाती घेऊन गावे झाडणाऱ्या या संताने सांडपाण्याची नाली हीदेखील कीर्तनाआधी साफ करावयाची जागा मानली असती.

देवस्थानांपुढील काम मात्र थोडे निराळे आहे. पाय धुण्याचे व स्नानगृहातील पाणी गाळाच्या टाकीतून आणि वाळू-खडीच्या थरांतून सोडले तर ते झाडांना व फरशा धुण्यास सहज उपयोगी पडते. शुद्धोदकाच्या अभिषेकाचे जल तर वृक्षांच्या मुळांशी थेट जाऊ शकते. पंचामृताचे तसे नाही. दूध, दही, तूप व मध साचून आंबतात, दुर्गंधी सुटते आणि मुळांनाही अपाय होतो; म्हणून ते वेगळे काढून खतखड्ड्यात घालावे लागते. शौचालयाच्या पाण्याची व्यवस्था अर्थातच पूर्णपणे स्वतंत्र हवी. यात गूढ असे काही नाही, खर्चही महाद्वाराच्या मानाने थोडाच. अडचण वेगळी आहे. महाद्वारावर, सभामंडपावर, चांदीच्या मखरावर दात्याचे नाव कोरता येते. जमिनीखालील गाळाच्या टाकीवर नावाची पाटी बसत नाही, आणि बसली तरी ती वाचावयास तेथे कोणी जात नाही. दानशूर भाविकांनी देणगीची पावती घेताना ती कोणत्या कामी जावी हे स्वतः सांगितल्यास, अशा टाकीचाही विचार त्यांनी करावा.