ठेव दुसऱ्याची, मग निष्काम कोणी व्हायचं?



आज दुसऱ्या अध्यायातला 47वा श्लोक. फळाची आशा न धरता कर्म करा, एवढा अर्थ सगळ्यांना पाठ असतो, आणि आपण तो सोयीने दुसऱ्याला ऐकवतो. पण वाशिम जिल्ह्यातल्या जऊळक्यासारख्या गावात, एसटीत उभं आयुष्य घालवलेल्या कंडक्टरला तो ऐकवायला जीभ धजेल का? त्याची पेन्शन ईपीएस-95 योजनेतली. या योजनेत किमान पेन्शन महिन्याला 1,000 रुपये, 2014 साली ठरलेली. ती 7,500 व्हावी म्हणून शेजारच्या बुलढाण्यात म्हातारी माणसं वर्षानुवर्षं साखळी उपोषणाला बसली आहेत.

हा पेन्शन निधी कायद्याने ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाकडे सोपवलेला आहे. अध्यक्ष केंद्रीय कामगार मंत्री. शिवाय केंद्र आणि राज्य सरकारांचे, मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी. वेगवेगळ्या घरचे पाहुणे एका पंगतीला बसावेत तसं. पण एकदा बसलं की विश्वस्त म्हणून बसायचं. मला पाठवलं कोणी, पुढच्या खेपेला पाठवतील का, हे फळ सोडायचं ते इथे. श्लोक त्यांच्यासाठी आहे, पेन्शनरसाठी नाही!

विश्वस्त हा शब्द गांधीजींना गीता वाचताना नव्याने उमगला, असं त्यांनी आत्मकथेत सांगितलंय. त्याच सुमारास त्यांनी स्वतःची 10,000 रुपयांची विमा पॉलिसी सोडून दिली. बायकामुलांची काळजी देव घेईल म्हणाले. मला हा प्रसंग आवडतो आणि खटकतोही (कस्तुरबांना विचारलं होतं का?). स्वतःच्या पैशाबद्दल असा भरवसा म्हणजे भक्ती. लाखो लोकांच्या पैशाबद्दल तोच भरवसा ठेवणं याला मी बेफिकिरी म्हणेन. तिथे देवाचं नाव घ्या, पण व्याज, आयुर्मान आणि येणं-देणं मांडून बसा.

मग वाढवून टाका ना पेन्शन! इतकं सोपं नाही. पीएफसारखं प्रत्येकाचं वेगळं खातं इथे नाही, सगळ्यांची थैली एकच. तुमच्यापैकी ज्यांची या योजनेत नोंद आहे त्यांनी पेस्लिप आठवा: मालकाच्या हिश्श्यातले 8.33 टक्के, 15,000 पगाराच्या मर्यादेत म्हणजे फार तर 1,250 रुपये, दरमहा त्याच थैलीत जातात. वरून केंद्र सरकारचे 1.16 टक्के. आजच्या आजोबांना निधीतूनच जास्त द्यायचं, तर तुमच्या म्हातारपणाचं काय हेही बघावं लागतं. पण हीच अडचण पुढे करून गप्प बसणं मला पटत नाही. निधीला झेपत नसेल तर किती कमी पडतंय ते मंडळाने उघड सांगावं आणि सरकारकडे तेवढे पैसे मागावेत, अध्यक्ष त्याच सरकारचा मंत्री असला तरी. अर्जुनाला रणात समोर आपलेच दिसत होते, इथेही तसंच आहे.

पेन्शनर दरवर्षी हयातीचा दाखला देतो, बोटांचे ठसे उमटत नसले तरी. निधीचं मूल्यांकनही दरवर्षी व्हावं असं योजनेत लिहिलेलं आहे. ते त्याला वाचता येईल अशा मराठीत, जऊळक्याच्या पोस्टात का लावलेलं नसावं?

उद्या 48वा श्लोक घेऊ.