स्तुती आणि साधना

निंदा पचविणे कठीण, असे आपण नेहमी ऐकतो. स्तुती पचविणे त्याहून कठीण असते, हे मात्र क्वचितच कोणी बोलून दाखवितो. निंदेने माणूस निदान स्वतःला तपासून पाहतो. स्तुतीने तपासणीची गरजच संपल्यासारखे वाटते. जग आपल्यावर संतुष्ट असताना आपण स्वतःवर असंतुष्ट राहावे काय, आणि त्यासाठी चालते काम सोडून दूर व्हावे काय? हा प्रश्न आम्ही येथे एका वादकाच्या जीवनाच्या आधारे विचारात घेत आहोत.

सनी रॉलिन्स ह्यांचा जन्म १९३० साली न्यूयॉर्क शहरात झाला. जॅझ संगीतात सॅक्सोफोन हे त्यांचे वाद्य. ह्या संगीतात मूळ चाल व तिच्या स्वरसंगतींचा क्रम बहुधा ठरलेला असतो. त्या चौकटीत वादक आयत्या वेळी सुचेल ते नवे रचीत जातो. आपल्याकडील गवई बंदिशीचे बोट धरून उपजेने राग फुलवितो, त्याच्याशी ह्या रीतीचे नाते जुळते. तरुणपणी रॉलिन्स हेरॉइनच्या आहारी गेले. त्यांनी तुरुंगवासही भोगला. १९५५ साली केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथील सरकारी रुग्णालयात उपचार घेऊन ते सावरले. पुढच्याच वर्षी ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ ही त्यांची गाजलेली ध्वनिमुद्रिका मुद्रित झाली.

आणि १९५९ साली, कीर्ती ऐन भरात असताना, त्यांनी जाहीर वादन थांबविले. लोक वाखाणतात तेवढे आपले वादन चांगले नाही, असे त्यांचे मन त्यांना सांगत होते. घरातील सरावाने शेजारच्या गर्भवती स्त्रीला त्रास होऊ नये म्हणून ते ईस्ट नदीवरील विल्यम्सबर्ग पुलाच्या पादचारी मार्गावर जाऊन वाजवू लागले. उन्हाळा असो की कडाक्याचा हिवाळा, कित्येकदा दिवसाचे पंधरा-पंधरा तास! १९६१ च्या अखेरीस ते रसिकांसमोर परतले. १९६२ च्या ध्वनिमुद्रिकेचे नाव होते ‘द ब्रिज’.

कोणी म्हणेल, हा अहंकाराचाच एक सूक्ष्म प्रकार झाला. देणगी लोकांसाठी असते. ती त्यांच्यापासून दूर ठेवण्याचा अधिकार वादकाला कोणी दिला? आक्षेप वजनदार आहे. माघार घेणारे सारेच साधक नसतात. पुष्कळजण केवळ पळ काढीत असतात. दोहोंतील फरक ओळखावा कसा? आमच्या मते, तीन गोष्टी पाहाव्यात. दूर गेलेला माणूस कष्ट करतो की नाही, त्याच्या ध्यासापायी शेजाऱ्याला झळ पोहोचते की नाही, आणि तो परत येतो की नाही. पुलावरचा हा वादक तिन्ही कसोट्यांना उतरतो. परतल्यावर त्यांच्या वादनात क्रांतिकारक बदल न दिसल्याने काही समीक्षकांची निराशा झाली, हेही ध्यानात घ्यावे. साधनेचे मोल टाळ्यांनी ठरणार असेल, तर मुळात पुलावर जाण्याचे कारणच उरत नाही.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा दूर झाले. ह्या काळात ते मुंबईत पवई येथील आश्रमातही राहिले. १९७२ च्या सुमारास ते परतले. पुढे सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर हल्ला झाला, तेव्हा जवळच असलेले आपले घर त्यांना सोडावे लागले. सॅक्सोफोन तेवढा त्यांनी सोबत घेतला. चारच दिवसांनी बोस्टन येथे ते वादनास उभे राहिले. म्हणजे थांबणे हा त्यांचा नियम नव्हता; कधी थांबावे आणि कधी थांबू नये, हा विवेक त्यांनी कमावला होता.

२०१२ नंतर फुप्फुसांच्या विकारामुळे जाहीर वादन बंद झाले आणि काही काळाने वाद्यही कायमचे खाली ठेवावे लागले. हे मौन मात्र त्यांनी निवडलेले नव्हते. प्रत्येकाच्या वाट्याला असे मौन केव्हातरी येतेच. म्हणून वाचकहो, हातात बळ आहे, चार माणसे वाहवा करीत आहेत, तेव्हाच स्वतःला विचारलेले बरे: आपल्याला अजून काय येत नाही?