वाट विचारताना

काही वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब एका निकाहसाठी वेंगुर्ल्याला निघालो होतो. वाट दाखवणारे तळहाताएवढे यंत्र गाडीच्या काचेला चिकटवले होते. अशी यंत्रे तेव्हा सामान्यांच्या ऐपतीत येऊ लागली होती. आज ते काम खिशातला मोबाइल करतो. कुडाळला मुंबई-गोवा महामार्ग सोडला आणि यंत्रातल्या आवाजावर भरवसा ठेवून आम्ही वळत गेलो. शेवटी डांबर संपले, लाल माती लागली आणि रस्ता काजूच्या बागेच्या गडग्यापाशी थांबला. यंत्र मात्र 'सरळ जा' म्हणतच राहिले.

गडग्यापलीकडे एक म्हातारी बोंडू गोळा करीत होती. तिने विचारले, "खंय जावचा आसा?"

उत्तर देणे आम्हाला क्षणभर जड गेले. कोणाच्या घरी जायचे हे सांगायचे, म्हणजे आपण कोण हेही सांगणे आले. खरे तर यंत्र घेताना ह्याच सोयीचा आम्हाला मनातून आनंद झाला होता. आता परक्या गावात कोणाला थांबवायला नको, आणि नाव ऐकताच समोरचा चेहरा बदलतो का, हे पाहायलाही नको. 1992-93 ची मुंबई ज्यांनी पाहिली, त्यांना ही धास्ती समजावून सांगावी लागणार नाही.

आम्ही नाव सांगितले. म्हातारीचा चेहरा बदलला खरा, पण तो उजळला. वधूच्या आजीशेजारी ती बाजारात बसत असे. गडग्यापर्यंत येऊन तिने हाताने वाट दाखवली आणि मुलांच्या ओंजळीत बोंडू घातले.

यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, की ते आपली जागा काढते. मे 2000 पर्यंत अमेरिका सामान्यांसाठीचा संकेत मुद्दाम अस्पष्ट ठेवीत असे. चूक शंभर मीटरपर्यंत जाई. तो पडदा हटला, तेव्हा कुठे ही यंत्रे गल्लीबोळात उपयोगी पडू लागली. आम्ही कोठे आहोत, हे आमच्या यंत्रानेही बरोबरच ओळखले होते. चूक नकाशात होती, आणि नकाशा हा शेवटी कोणा माणसाचाच शब्द. कोणाच्या तरी शब्दावर विसंबल्यावाचून मुसाफिरी होत नाही. मग ज्या शब्दामागे चेहरा दिसतो, त्यालाच आम्ही का भितो?

विचारून जाणारेही चुकतात, हे मान्य. 'ठाऊक नाही' म्हणायला संकोचणारा माणूस खुशाल भलतीकडे बोट दाखवतो. रात्री एकटीने गाडी चालवणाऱ्या मुलीने अंधारात काच खाली करावी, असेही आम्ही म्हणणार नाही. कारण असेल तेव्हा सावध राहणे हा दोष नव्हे. पण सावधपणाची सवय जडली, की भीतीचे कारण अजून उरले आहे का, हे तपासण्याची संधीच मिळत नाही. त्या म्हातारीलाही आम्ही कोण, हे कधी कळले नसते.

वेंगुर्ल्यासमोर समुद्रातल्या खडकांवर दीपगृह आहे. ते तांडेलाला खडक कोठे आहे ते सांगते. सुकाणू त्याच्याच हाती राहते. ह्याच अरबी समुद्रावर जुने नाखवे 'कमाल' नावाच्या लाकडी फळीने आणि गाठी मारलेल्या दोरीने ध्रुवताऱ्याची उंची मापत. 1498 मध्ये वास्को द गामा हा समुद्र ओलांडून आला, तोही मालिंदीहून माहीतगार वाटाड्या घेऊनच. साधने असूनही माणसाला विचारण्यात कोणाला कमीपणा वाटला नाही.

नमाजात आपण रोज सरळ मार्ग मागतो. तो 'मला' दाखव असे म्हणत नाही, 'आम्हाला' दाखव असे म्हणतो. ह्या 'आम्हा'त कोण कोण येते, हे आम्ही स्वतःला फारसे विचारलेले नाही.

निकाहहून परतताना यंत्र चालूच होते. तरी नाक्यावर गाडी थांबवून आम्ही एका दुकानदाराला कुडाळची वाट विचारली. ती आम्हाला ठाऊक होती.