तळं खोदणारा आणि स्वयंचलित बीमलाइन

बाराव्या शतकात सोन्नलगीला, म्हणजे आपल्या सोलापुरात, सिद्धराम तळं खोदवून घेत होते. तिथे शिवशरण अल्लमप्रभू आले आणि मजुरांना विचारू लागले, तुमचा तो खणणारा कुठे आहे? ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात हा प्रसंग येतो. बाहेर एवढं उभारलंस, आत काय घडलं, हा त्या बोचऱ्या बोलण्याचा रोख. माझ्या पदार्थविज्ञानात तोच प्रश्न आज उलट्या बाजूने येतो: खणणं यंत्रच करू लागलं, तर खणणाऱ्याच्या आत काही घडेल का?

पातळ थरांचे नमुने घेऊन आम्ही इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात जातो. तिथल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनमध्ये २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन १७२.५ मीटर परिघाच्या कड्यात सेकंदाला सतरा लाखांवर फेऱ्या मारतात आणि वळताना क्ष-किरण सोडतात. किरण सुरू असताना बीमलाइनच्या टोकाला नमुन्यापाशी, हच नावाच्या बंदिस्त खोलीत, माणूस थांबूच शकत नाही. दार बंद होऊन इंटरलॉक लागल्याशिवाय शटर उघडत नाही. त्यामुळे कोन फिरवणं, नमुना सरकवणं, मोजणं, नोंदवणं हे मोटारी आणि संगणकच करणार. याला आळस म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

पण नमुना धारकावर तिरका बसला असेल, तर यंत्र तो तिरकेपणाही रात्रभर इमानाने मोजत राहतं. हाताने गोनिओमीटर, म्हणजे कोन मोजायचं उपकरण, फिरवणारा माणूस आलेखात अनपेक्षित शिखर दिसलं की थबकायचा, मागे जाऊन पुन्हा मोजायचा. शंका घ्यायला तो तिथेच शिकायचा. अल्लमप्रभूंच्या काळच्या शरणांनी कायकाला, म्हणजे हातच्या कामाला, पूजेचा मान का दिला, ते मला इथे कळतं: हातातली वस्तू आपल्या मनासारखी वागत नाही, आणि तिच्यापुढे माणसाचा अहंकार उतरतो. म्हणून अल्लमप्रभूंशी माझा थोडा वाद आहे. खोदणं बाहेरचं, साधना आतली, ही वाटणी मला मान्य नाही.

आता अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी पुढचा बिंदू कुठे मोजायचा, हेही प्रोग्राम ठरवू लागले आहेत. नमुने शेकड्यांनी असतील तर ते हवंच. मात्र तो बिंदू का निवडला, हे ज्याच्या नावाने शोधनिबंध छापला जाईल त्याला सांगता आलं पाहिजे. म्हणून पहिला स्कॅन संपेपर्यंत मी विद्यार्थ्यांना पडद्यासमोरून उठू देत नाही, आणि कोणतं शिखर कुठे यावं हे त्याआधी वहीत लिहायला लावते. आलेख वहीशी जुळला नाही, तर नमुना पुन्हा बसवायचा की पदार्थच वेगळा निघाला म्हणायचं, हे त्यांनी आपसांत भांडून ठरवायचं.