दोन कासवे आणि एक कुंपण

एकट्या जिवाला करमत नाही, असे आपण फार सहज म्हणतो. एक ससा आणला की दुसरा आणतो, एक कबूतर आणले की जोडी पुरी करतो. एकटेपणा हे माणसाचे दुखणे आहे आणि आपले दुखणे दुसऱ्यालाही असणारच, असे आपण धरून चालतो. या समजुतीत माया असते, हे आम्ही नाकारत नाही. परंतु माया आणि इन्साफ या दोन गोष्टी नेहमी एकाच घरात नांदतात का, हा प्रश्न विचारायला हवा.

आमचे केडगाव कांद्याच्या बाजाराचे आणि पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे गाव. येथे जनावर पाळणे म्हणजे शेळी, म्हैस, कोंबडी. पण पुणे रेल्वेने जवळ आहे आणि शहराची हौस गाडीत बसून गावात उतरतेच. तशीच आफ्रिकेतील सुलकाटा जातीची, जमिनीवर राहणारी कासवे आता हौशी घरांतून दिसू लागली आहेत. आणताना ती तळहातावर मावतात. त्या वयात नर कोण, मादी कोण हे कळत नाही. काही वर्षांनी कवच वाढते, शेपूट लांब होते, पोटाकडचे कवच आत दबते आणि मग समजते की आपण जोडी म्हणून आणलेले दोन्ही नरच आहेत. आता काय करावे? वर्गातल्या मुलांनी आम्हांला हाच प्रश्न विचारला. 'सर, ते दोघे भाऊ-भाऊ म्हणून राहणार नाहीत का?'

राहत नाहीत. वयात आलेला नर दुसऱ्या नराला धडका देतो, पाय चावतो. सुलकाटा नराच्या गळ्याखाली कवचाचा एक भाग पुढे आलेला असतो. तो समोरच्याच्या कवचाखाली सारून त्याला उलटा पाडतो. उलटे पडलेले कासव आपल्याच शरीराच्या भाराखाली नीट श्वास घेऊ शकत नाही. केडगावच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते तसेच राहिले तर जीव जायला फार वेळ लागत नाही. आणि हे सारे आवाज न करता घडते. कुत्रे केकाटते, कोंबडी फडफडते. कासव निमूट सोसते. भांडण दिसले नाही म्हणजे ते नाही, असेही नाही. दबलेले कासव खाणे कमी करते, कोपऱ्यात तोंड खुपसून बसते, त्याची वाढ खुंटते. दोघे एकाच कोपऱ्यात अंगाला अंग लावून बसलेले दिसले की आपण म्हणतो, बघा किती प्रेम आहे! वास्तविक उबेची जागा एकच असते आणि दोघांनाही तीच हवी असते.

मग कासव हा दुष्ट प्राणी आहे का? मुळीच नाही. मोकळ्या माळावरही नर झुंजतात. पण तेथे हरलेला निघून जातो आणि जिंकलेला आपल्या चरण्याकडे वळतो. झुंज संपते, कारण जायला जागा असते. कुंपणात हरलेल्याने जायचे कोठे? तो दहा पावले चालतो आणि पुन्हा त्याच्याच समोर येतो. झुंज निसर्गाची आहे, पण तिचा जुलूम कुंपणाने केला आहे. आणि कुंपण कासवाने घातलेले नाही.

याचा दाखला दूरच्या सेंट हेलेना बेटावर सापडतो. तेथे १८८२ मध्ये आणलेले जोनाथन नावाचे राक्षसी कासव जगप्रसिद्ध आहे. त्याला सोबत म्हणून १९९१ मध्ये फ्रेडेरिका नावाची मादी दिली गेली. २०१७ मध्ये पशुवैद्यांनी तपासले तेव्हा ती मादी नसून बहुधा नर आहे असे दिसून आले! इतकी वर्षे दोघे एकत्र राहिले होते. राक्षसी कासवे स्वभावाने शांत असतात, हे खरे. पण त्यांच्याभोवती गव्हर्नरच्या निवासस्थानाचे विस्तीर्ण कुरण होते, हेही विसरता येत नाही.

मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिने मांजरीला खायला दिले नाही आणि तिचे तिला शोधून खाता यावे म्हणून सोडलेही नाही. आपण त्यातला उपाशी ठेवण्याचा भाग लक्षात ठेवतो आणि कोंडण्याचा भाग विसरतो. ज्याची वाट आपण बंद केली, त्याच्या सगळ्या गरजा आपल्या माथी आल्या. दाणापाणी ही त्यातली एक. आपल्याहून बळकटाच्या नजरेआड होता येणे, हीही एक गरजच आहे.

कोणी म्हणेल, थोडे सहन करायला नको का? सब्र ही मोठी गोष्ट आहे. आहेच. परंतु सब्र त्याचा, ज्याला दुसरे काही करता येत होते आणि त्याने ते केले नाही. ज्याला दारच ठेवले नाही, त्याच्या गप्प बसण्याला सब्र म्हणणे हे आपल्या सोयीचे आहे. आणि येथे प्रश्न कासवापुरता राहत नाही. घराची एकी टिकावी म्हणून नेहमी कोणी गप्प बसावे? धाकट्याने, सुनेने, ज्याच्या नावावर जमीन नाही त्याने. वर्गात दांडगट मुलाशेजारी भित्रे मूल बसवून 'दोस्ती करा' म्हटले की बाक शांत होतो. पण त्या शांततेची किंमत कोण भरतो, हे आम्ही शिक्षकांनी पाहायला हवे. माणसाला जीभ आहे, समजूत आहे, पश्चात्ताप आहे. म्हणून माणसांनी लगेच वेगळे व्हावे असे आमचे म्हणणे नाही. कासवाजवळ मात्र यातले काहीच नाही. त्याला तडजोड शिकवता येत नाही, फक्त भिंत देता येते.

भिंतही नीट हवी. मधे जाळी लावली तर दोघे दिवसभर एकमेकांना पाहत जाळीशी घासत राहतात. पलीकडचे दिसणार नाही अशी आड हवी. दोघांना वेगळी सावली, वेगळे पाणी, वेगळी उबेची जागा हवी. तेवढी जागा नसेल तर एकाला जाणत्या घरी सोपवावे. त्यात बेइमानी नाही. मायेच्या भरात त्याला भीमेत किंवा विहिरीत सोडू नये. जमिनीवरचे कासव पोहू शकत नाही, ते बुडते. सवाब मिळवायला गेलेला माणूस अज्ञानामुळे जीव घेऊन परततो.

आपल्या देशातील चांदणी कासवाबद्दल तर हा प्रश्नच उद्भवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे. एक ठेवणेही गुन्हा आहे, दोन तर दूरच. बरकत येते म्हणून किंवा वीस नखांच्या कासवाने पैशांचा पाऊस पडतो म्हणून ते विकणारे आहेत, कारण घेणारे आहेत. कोणाच्या घरी ते असेल तर वनखात्याकडे द्यावे.

सुलकाटा नर ४०-५० किलोचा होतो आणि अनेक दशके जगतो. पाळणाऱ्याच्या मागेही तो राहील. म्हणजे आज घातलेली भिंत किंवा न घातलेली भिंत आपल्या मुलांच्या वाट्याला येणार आहे. अमानत यालाच म्हणतात. जोडी जमवण्यात आपल्या डोळ्यांना सुख आहे. ते जरा बाजूला ठेवून त्या मुक्या जिवाला काय हवे आहे, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. कधी कधी त्याला फक्त एकटे राहायचे असते.