दडवलेली मिळकत आणि आपला विवेक



आयकराचे विवरणपत्र भरण्याचे दिवस आले की आमच्याकडे एक प्रश्न येऊ लागतो. "फादर, पगार दाखवला होता, पण शिकवण्यांचे पैसे दाखवायचे राहिले. आता दाखवले तर जादा भरावे लागेल. नाही दाखवले तर ते पाप आहे का?" हा प्रश्न पापनिवेदनात नव्हे, तर मिस्सा सुटल्यावर अंगणात विचारला जातो, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

प्रश्न केवळ शिकवण्यांचा नाही. नाताळच्या केकच्या ऑर्डरी आहेत, शनिवार-रविवारी भाड्याने जाणारे बंगले आहेत. वाडीतल्या केळी आणि फुलांची मिळकत शेतीची, तिच्यावर आयकर नाही. पण त्याच वाडीत पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्यांचे भाडे शेतीत बसत नाही. पुष्कळांना हे ठाऊक असते. ठाऊक नसल्यासारखे वागणे सोयीचे पडते, इतकेच.

ख्रिस्ती नीतिशास्त्रात ह्या सोयीला एकेकाळी पंडितांचा आधारही मिळाला होता. सोळाव्या शतकापासून काही कॅथोलिक विचारवंत 'निव्वळ दंडात्मक कायदा' अशी कल्पना मांडू लागले. काही कायदे सदसद्विवेकाला बांधत नाहीत. ते मोडताना पकडले गेलो तर दंड भरावा, म्हणजे हिशेब मिटला, असा तो विचार. काहींनी करांचे कायदेही ह्याच खात्यात टाकले. संत थॉमस अक्वायनस ह्यांची शिकवण मात्र त्याआधीची आणि सरळ आहे: न्याय्य कायदा विवेकाला बांधतो, मग कोणी पाहत असो वा नसो. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने फसवणूक करून न्याय्य कर चुकवणाऱ्यांना स्पष्ट दोष दिला. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने करचुकवेगिरीची गणना सातव्या आज्ञेखाली, म्हणजे चोरीच्या प्रकरणात केली आहे.

"पण फादर, सरकार त्या पैशांचे काय करते ते बघा की!" हे आम्ही दर वेळी ऐकतो, आणि रस्त्यावरचे खड्डे आम्हालाही दिसतात. तरीही प्रेषित पौलाने रोमकरांना कर देण्यास सांगितले, तेव्हा गादीवर नीरो होता.

आता दंडाचा मुद्दा. १९९७ साली सरकारने स्वेच्छेने उत्पन्न जाहीर करण्याची योजना आणली. व्यक्तीने तीस टक्के भरले की मागचे सारे माफ. ज्या शेजाऱ्याने वर्षानुवर्षे वेळेवर कर भरला होता, तो मूर्ख ठरला. २०२२ पासून कायद्यात 'अद्ययावत विवरणपत्रा'ची सोय आहे, ती आम्हाला अधिक न्यायाची वाटते. राहिलेले उत्पन्न आपण होऊन दाखवता येते, पण कर आणि व्याज ह्यांच्या बेरजेवर जादा रक्कम द्यावी लागते. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पहिल्या वर्षात आलो तर पंचवीस टक्के, दुसऱ्यात पन्नास. २०२५ मध्ये ही मुदत चार वर्षांपर्यंत वाढली. तिसऱ्या वर्षी साठ आणि चौथ्या वर्षी सत्तर टक्के. समजा कर २०,००० रुपये आणि व्याज ४,००० रुपये झाले, तर पहिल्या वर्षात ६,००० जादा, तिसऱ्यात १४,४००. उलट, आपण गप्प राहिलो आणि खोटी माहिती देऊन मिळकत दडवल्याचे पुढे सिद्ध झाले, तर त्या मिळकतीवरील कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो.

जुन्या करारात हाच भेद आहे. गणनाच्या पाचव्या अध्यायात आपण होऊन अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा आहे. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात चोराला दुप्पट, आणि चोरलेले मेंढरू त्याने मारले किंवा विकले असेल तर चौपट भरावे लागते. जक्कयाने तर कोणी मागायला येण्याआधीच चौपटीची तयारी दाखवली.

कोणी म्हणेल, दंडाच्या भीतीने कबूल केले, त्यात कसला पश्चात्ताप? २०२१ पासून आयकर खाते आपल्या नावावरचे बँकेचे व्याज, लाभांश आणि इतर व्यवहार वार्षिक माहिती विवरणात आपल्याच पुढे ठेवते. ते पाहून पुष्कळांना आठवण होते. ह्या भीतीला आम्ही हसत नाही. ट्रेंटच्या महासभेने १५५१ मध्ये शिक्षेच्या भीतीतून आलेल्या अपूर्ण पश्चात्तापालाही देवाचे देणे मानले. मात्र पुन्हा पाप करण्याची इच्छा त्यात उरता कामा नये. तेव्हा भीतीने आलात तरी या. फक्त मागच्या वर्षाचे भरताना चालू वर्षाच्या शिकवण्या पुन्हा रोखीत आणि वहीबाहेर ठेवू नका.

आम्ही धर्मगुरूही ह्यातून सुटलेले नाही. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या धर्मगुरू व धर्मभगिनींच्या पगारातून कर कापला जाईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केला. दारिद्र्याचे व्रत आहे, पगार संस्थेला जातो, हा युक्तिवाद टिकला नाही.

राहता राहिली चार वर्षांपलीकडची मिळकत. तिच्यासाठी अद्ययावत विवरणपत्राचे दार बंद झालेले असते. ज्याचे देणे त्याला पोहोचवता येत नसेल तर ते गरिबांना द्यावे, ही नीतिशास्त्राची जुनी वाट इथे उपयोगी पडते. रक्कम आमच्या दानपेटीतच यावी असे मुळीच नाही. सरकारी दवाखान्यातल्या एखाद्या गरीब रुग्णाच्या औषधांना दिली तरी चालेल. मात्र अशा पैशांची देणगी-पावती घेऊन तिच्यावर पुन्हा करसवलत मागू नये.